'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'सोबत आठ महिने

डीसी कॉमिक्सच्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या बारा अंकी कथेचा एकत्रित खंड माझ्याकडे येऊन आठ महिने झाले. या काळात तो तीनदा वाचून झाला आणि मधल्या दिवसांत या कथेचे दूरचित्रवाणीवरील रूपांतरही दोनदा पाहिले. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहायला बसले असते तर पुस्तकावर अन्याय झाला असता, कारण तेव्हा मी केवळ कथानकामागे धावत होते.

1961 साली 'फ्लॅश'च्या 123व्या अंकात बॅरी ॲलन, म्हणजे अफाट वेगाने धावणारा नायक फ्लॅश, दुसऱ्या पृथ्वीवरच्या जुन्या फ्लॅशला, म्हणजे जे गॅरिकला भेटला आणि समांतर पृथ्व्यांचा पसारा वाढत गेला. कोणता सुपरमॅन कोणत्या पृथ्वीवरचा, हे नव्या वाचकाला उमगणे अवघड झाले. 1985-86 मध्ये, कंपनीच्या पन्नाशीच्या निमित्ताने, लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी हा गुंता सोडवायला घेतला. अँटी-मॉनिटर या खलनायकाच्या प्रतिद्रव्याच्या लाटेत एकामागून एक पृथ्वी पुसली जाते, ती त्यासाठीच.

पेरेझ यांची पाने घाईने वाचण्याजोगी नाहीत. गर्दीच्या प्रसंगातही मागच्या रांगेतल्या पात्राची उभे राहण्याची ढब वेगळी असते. फोनवर चिमटीने मोठे करून वाचून पाहिले, तेव्हा एकेक चौकट स्पष्ट दिसली, पण पान हातचे गेले. शेवटी टेबलावर दिवा ओढून घेऊन छापील प्रतच वाचू लागले.

दुसऱ्या वाचनात मला जे सापडले, त्यासाठी हा खंड कायम जवळ ठेवावासा वाटतो. दुसऱ्या अंकात बॅटमॅन जोकरच्या मागावर असताना फ्लॅश अचानक समोर प्रकटतो, जग मरते आहे असे सांगू पाहतो आणि बॅटमॅनच्या डोळ्यांदेखत झिजत नाहीसा होतो. पहिल्या वेळी हे पान मी नुसते उलटले होते. आठव्या अंकात बॅरी अँटी-मॉनिटरची तोफ निकामी करण्यासाठी तिच्या ऊर्जेभोवती धावत सुटतो, त्याचे शरीर विरत जाते, तो काळात मागे फेकला जातो, आणि मग ध्यानात येते की बॅटमॅनने पाहिला तो याच धावेतला, मरणाच्या वाटेवरचा बॅरी होता. त्याचे बलिदान पाहायला जवळ एकही मित्र नाही. मागे उरतो तो रिकामा पोशाख.

2019-20 च्या हिवाळ्यात 'सुपरगर्ल', 'बॅटवुमन', 'द फ्लॅश', 'ॲरो' आणि 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' या पाच मालिकांतून ही कथा पाच भागांत आली. त्यांतल्या चौथ्या भागाच्या लेखनात स्वतः वुल्फमन होते. त्याआधी तिसऱ्या भागात तोफ थांबवण्यासाठी धावतो तो 1990 च्या मालिकेतला फ्लॅश, अभिनेता जॉन वेस्ली शिप, आणि त्याच क्षणी त्या जुन्या मालिकेतले एक दृश्य झळकते. कॉमिकमधला एकाकीपणा येथे नाही, तरीही मला हा बदल मनापासून पटला, कारण पडद्याने कॉमिकच्या जुन्या वाचकांऐवजी स्वतःच्या जुन्या प्रेक्षकांचे ऋण फेडले. 'ॲरो'चा नायक ऑलिव्हर क्वीन याचा मृत्यू मात्र दोनदा दाखवल्यामुळे त्याची धार बोथट झाली.

पुस्तकाचीही उणी बाजू आहे. चित्रात जे दिसतेच ते निवेदनाचे रकाने पुन्हा सांगतात, आणि खलनायक तीन पृथ्व्यांचा ताबा घेतात तो नववा अंक तिसऱ्या वाचनातही मला लांबलेला वाटला. या कथेत मरणारे सुपरगर्ल आणि बॅरी दोघेही पुढे परत आणले गेले, हे ठाऊक असूनही त्यांच्या मृत्यूची पाने वाचताना माझा हात थबकतोच.

नव्याने वाचणाऱ्यांनी सातवा आणि आठवा अंक एका बैठकीत संपवू नयेत. सातव्याच्या मुखपृष्ठावर सुपरमॅनने निष्प्राण सुपरगर्लला हातांवर उचलून धरले आहे. मूळ वाचकांना तिथून फ्लॅशच्या शेवटापर्यंत महिनाभर थांबावे लागले होते. आपण निदान एक रात्र तरी मध्ये जाऊ द्यावी.