सरळ रेघ कोणाची? : चर्चच्या पंथांच्या भिंतीवरच्या तक्त्याबद्दल

आमच्या प्रौढांच्या बायबल अभ्यासवर्गासाठी मी हा तक्ता मागवला. दोन हजार वर्षांचा चर्चचा इतिहास एकाच लांबलचक पट्टीवर छापलाय. डाव्या टोकाला पवित्र आत्मा उतरला तो पेन्टेकॉस्टचा दिवस, उजव्या टोकाला आजचा काळ आणि मधे फुटत गेलेल्या रंगीत फांद्या. आमच्या वर्गात कॅथलिक घरातून आलेल्या बायका आहेत, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन आहेत, पेन्टेकॉस्टल सभेला जाणारी तरुण मुलं आहेत आणि एक सिरियन ऑर्थोडॉक्स काकाही आहेत. आपण एकमेकांपासून वेगळे कधी झालो आणि का, हे या सगळ्यांना एकत्र बसून बघता यावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

आधी वस्तूबद्दल सांगते. कागद जाड आहे, वर प्लॅस्टिकचा थर आहे, त्यामुळे मार्करने खुणा करून पुसता येतात. समोरून उजेड आला की मात्र चकाकतो आणि मागच्या रांगेतल्यांना वाचता येत नाही. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नका. सनावळ्या ठळक आहेत, नावं बारीक. रंगांची निवड विचारपूर्वक केली आहे, शेजारशेजारच्या फांद्या एकमेकींत मिसळत नाहीत. सोबत एक छोटी पुस्तिका येते. ती बरी आहे, पण तिच्यात नसलेल्या एका गोष्टीवर मला पुढे लिहायचंय.

तक्त्याच्या मधोमध एक जाड तपकिरी रेघ आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. ती रोमची, म्हणजे कॅथलिक चर्चची. बाकी सगळ्या रेघा तिच्यातून फुटून वर किंवा खाली वळतात. आम्ही ४५१ सालच्या खाल्सिदोन परिषदेपाशी आलो, म्हणजे ख्रिस्ताचे दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव आहेत असं ठरवणाऱ्या बिशपांच्या सभेपाशी. काका उठून तक्त्याजवळ गेले, आपल्या हिरव्या रेघेच्या वळणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, आमचीच रेघ का वळवली? आम्ही तर जागचे हललोच नाही."

त्यांच्या म्हणण्यात अख्खा वाद आहे. कॉप्टिक, सिरियन, आर्मेनियन मंडळी म्हणतात की अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने जे शिकवलं त्यावर आम्ही कायम राहिलो, परिषदच पुढे सरकली. ग्रीक ऑर्थोडॉक्स रोमला हेच सांगतात : श्रद्धांगीकारात पवित्र आत्मा पित्यापासून येतो असं आहे, त्यापुढे "आणि पुत्रापासून" हे शब्द तुम्ही वाढवलेत, आम्ही तोच जुना म्हणतो. सोळाव्या शतकातला जर्मन सुधारक ल्यूथर, त्याच्या अनुयायांना विचारा, ते म्हणतील की आम्ही मूळ वाटेवर परत आलो. आणि रोमचं म्हणणं, पेत्राचं आसन जिथे होतं तिथेच आहे. तेव्हा कोणती रेघ सरळ काढायची हे ठरवणं म्हणजे वादाचा निकालच लावणं. तक्ता करणाऱ्याला कुठली तरी रेघ मधे घ्यावीच लागणार, हे मी समजू शकते. पण आपण ती का निवडली याची एक ओळ पुस्तिकेत हवी होती. ती नाही, ही माझी सर्वात मोठी तक्रार.

दुसरी तक्रार फांद्यांवरच्या मजकुराची. प्रत्येक फाट्यावर एक छोटी चौकट आहे आणि तिच्यात फुटीचं कारण म्हणून एखादा सिद्धान्त लिहिलाय : ख्रिस्ताचे स्वभाव, पवित्र आत्म्याचा उगम, विश्वासाने मिळणारं नीतिमत्त्व, प्रौढांचा बाप्तिस्मा. खोटं काहीच नाही. पण जवळजवळ प्रत्येक फाट्यावर सिद्धान्ताच्या जोडीला आणखी एक प्रश्न उभा होता : अखेरचा शब्द कोणाचा? तक्ता वाचणाऱ्याला तो कुठेच भेटत नाही.

पूर्वेकडच्या चर्चचंच घ्या. तक्त्यात त्यांची फांदी ४३१च्या इफिस परिषदेपाशी फुटते आणि कारण म्हणून त्या परिषदेने दोषी ठरवलेल्या कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपाचं, नेस्तोरियसचं नाव दिलंय. पण ही मंडळी पर्शियन साम्राज्यात राहत होती आणि ४२४ सालीच, म्हणजे इफिसच्या सात वर्षं आधी, त्यांच्या बिशपांनी ठरवलं होतं की आपल्या प्रमुखाविरुद्ध पश्चिमेकडच्या बिशपांकडे दाद मागायची नाही. अधिकाराचा प्रश्न तिथे आधी सुटला, सिद्धान्ताचा नंतर आला. खाल्सिदोनच्या चौकटीतही परिषदेच्या अठ्ठाविसाव्या नियमाचा उल्लेख नाही. त्या नियमाने कॉन्स्टँटिनोपलला रोमच्या खालोखाल मान आणि रोमसारखेच अधिकार दिले. ख्रिस्ताविषयी पोप लिओ पहिला याचीच शिकवण ज्या परिषदेने उचलून धरली, तिचा हा नियम मात्र त्याने मानला नाही.

१०५४ची चौकट तर मी मार्करने भरून टाकली आहे. छापील मजकूर एवढाच : "पूर्व आणि पश्चिम विभक्त." त्या वर्षी १६ जुलैला कार्डिनल हम्बर्टने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं. ज्या पोपच्या वतीने तो आला होता तो लिओ नववा एप्रिलमध्येच वारला होता. पत्रात बहिष्कृत केलं होतं ते कॉन्स्टँटिनोपलचा पेट्रिआर्क (प्रमुख बिशप) मायकल केरुलारियस आणि त्याच्या साथीदारांना. उलट बहिष्कारही पोपच्या दूतांपुरता होता. अख्ख्या चर्चने अख्ख्या चर्चला बाहेर काढलं असं त्या दिवशी घडलंच नाही. सामान्य माणसांच्या मनात कायमची अढी बसली ती १२०४ साली, पश्चिमेकडून आलेल्या क्रूसेडच्या (धर्मयुद्धाच्या) सैनिकांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा. तक्त्यावर १२०४ नाही. तो असायला हवा, ठळक अक्षरांत.

तपकिरी रेघ १३७८ ते १४१७ या काळातही सरळच जाते, याचं मला फार वाईट वाटलं. त्या काळात आधी दोन आणि १४०९ नंतर तीन जण स्वतःला पोप म्हणवत होते. कॉन्स्टन्सच्या परिषदेने १४१५ साली जाहीर केलं की परिषदेला अधिकार थेट ख्रिस्ताकडून मिळतो आणि पोपनेही तिचं ऐकलं पाहिजे. मग एकाने राजीनामा दिला, दोघांना पदच्युत केलं आणि १४१७ साली मार्टिन पाचवा निवडला गेला. याच परिषदेने त्याच १४१५ साली बोहेमियाचा सुधारक यान हुस याला पाखंडी ठरवलं आणि त्याला जाळण्यात आलं. एकशे चार वर्षांनी लाइप्झिगच्या वादात योहान एक या कॅथलिक पंडिताने ल्यूथरला हुसवरूनच कोंडीत पकडलं आणि परिषदाही चुकू शकतात, असं ल्यूथर बोलून गेला. माझ्या मते खरा फाटा तिथे, १५१९ मध्ये आहे. १५१७ ला पंचाण्णव प्रबंध लिहिणारा ल्यूथर अजून पोपकडे दाद मागत होता. दोन वर्षांनी त्याच्यापाशी पवित्र शास्त्राखेरीज अखेरचा शब्द उरला नव्हता. हे सगळं तक्त्यात एका चौकटीत बसलं असतं.

प्रोटेस्टंट फांद्यांमध्येही तेच. स्कॉटलंडमध्ये १८४३ साली साडेचारशेहून अधिक पाळक राष्ट्रीय चर्च सोडून बाहेर पडले, घरदार आणि पगारावर पाणी सोडून. भांडण कशावरून? मंडळीचा पाळक जमीनदाराने नेमायचा की मंडळीने, यावरून. चौकटीत लिहिलंय "इव्हँजेलिकल मतभेद". हे वाचून कोणाला काय कळणार? मेथडिस्टांची फांदी १७८४ला फुटते, ते वर्ष बरोबर आहे; पण मेथडिस्टांचा संस्थापक जॉन वेस्ली स्वतः बिशप नसताना त्याने अमेरिकेसाठी पाळकपदाच्या दीक्षा दिल्या, कारण तिथल्या लोकांना प्रभुभोजन द्यायला कोणी उरलं नव्हतं, हे सांगितल्याशिवाय त्या वर्षाला अर्थ नाही. वर्गातल्या मेथडिस्ट मावशींना हे ऐकून भरून आलं.

आता चांगलं, आणि ते भरपूर आहे. फुटींबरोबर जोडही दाखवणारा तक्ता मी पहिल्यांदाच पाहिला. १९४७ साली दक्षिण भारतात अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल रेघा एकत्र येतात. पुढे १९७०ला उत्तर भारतातही अशा रेघा जुळतात. पुस्तिकेत १९४७च्या जुळणीची तडजोडही नीट समजावली आहे : पुढच्या सगळ्या दीक्षा बिशपांच्या हातून, पण आधीच्या पाळकांना पुन्हा दीक्षा घ्यायला लावायची नाही. १९६५ साली पोप पॉल सहावे आणि पेट्रिआर्क अथेनागोरस यांनी १०५४चे बहिष्कार मागे घेतले, तिथे दोन रेघांमध्ये ठिपक्यांची रेघ आहे. १९९९ साली आउग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी नीतिमत्त्वाच्या सिद्धान्तावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तिथेही.

ही १९९९ची खूण वर्गात फार उपयोगी पडली. ज्या सिद्धान्तासाठी सोळाव्या शतकात फूट पडली असं चौकट सांगते, त्याच्या मूलभूत सत्यांवर दोघांचं एकमत झालं, तरी दोघं एका वेदीवर प्रभुभोजन घेत नाहीत. का? उरलेलं भांडण बिशपपद, दीक्षा आणि पोप यांचं आहे. जॉन पॉल दुसरे यांनी १९९५च्या परिपत्रात इतर मंडळींच्या पुढाऱ्यांना सांगितलं होतं की पोपपद कसं चालवावं यावर माझ्याशी बोला. ही नोंद तक्त्यात नाही. १९९४ साली याच पोपने त्या पूर्वेकडच्या, आता असिरियन म्हणवणाऱ्या चर्चच्या प्रमुखांबरोबर ख्रिस्ताविषयी संयुक्त घोषणा केली, तीही नाही. ४३१च्या फाट्यासाठी ती हवीच होती.

उजव्या टोकाला "आज चाळीस हजारांहून अधिक पंथ" असं मोठ्या अक्षरांत छापलंय. हे मला अजिबात पटलं नाही. असे आकडे देशवार मोजून काढलेले असतात, एकच चर्च शंभर देशांत असलं की शंभरदा मोजलं जातं. कॅथलिक चर्चसुद्धा त्यात शेकडो वेळा येतं. विश्वास नसलेल्या माणसाने हा आकडा वाचून आपल्याबद्दल काय समजावं? छापणाऱ्याने ही जबाबदारी घ्यायला हवी होती.

त्याच टोकाला स्वतंत्र मंडळ्यांची सगळी गर्दी एका राखाडी पट्ट्यात कोंबली आहे. आमच्या तरुण मुलांना ते लागलं, आणि लागणारच. एका बाजूला हेही खरं की पाळकाला जाब विचारणारं वर कोणी नसलं की काय होतं ते मी एका मंडळीत जवळून पाहिलंय. हिशेब मागणारी कुटुंबं एकेक करून बाहेर पडली. तर दुसरीकडे बिशप असूनही जाब मिळत नाही, असंही घडतं. मला अधिकार हवा आहे, पण तो उत्तरदायी हवा.

म्हणूनच डाव्या टोकाची एक उणीव मी स्वतः भरून काढली. पेन्टेकॉस्टनंतर तक्ता थेट निकेआच्या परिषदेकडे, ३२५ कडे झेपावतो. यरुशलेमची सभा त्यात नाहीच. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय. परराष्ट्रीयांची सुंता करायची की नाही यावर कडाक्याचा वाद झाला. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौलाने आपले अनुभव सांगितले, याकोबाने निर्णय सुचवला आणि प्रेषित, वडील व सर्व मंडळी यांच्या संमतीने पत्र गेलं. कॅथलिक बायकांना त्यात पेत्र दिसला, काकांना परिषद, प्रेस्बिटेरियनांना वडील आणि तरुणांना पवित्र आत्मा. तो अख्खा तास आम्ही तिथेच होतो. मी एक कागदाची पट्टी चिकटवली आहे, सभेचं नाव आणि अध्याय लिहून.

घ्यावा का? अभ्यासवर्ग चालवणाऱ्याने जरूर घ्यावा, मार्करसकट. घरच्या भिंतीवर शोभेसाठी किंवा शाळकरी मुलांनी एकट्याने वाचण्यासाठी घेऊ नये. सरळ रेघ त्यांच्या मनात न सांगता बसेल. प्रकाशकांना मी १२०४, कॉन्स्टन्स, १९९४ आणि यरुशलेम यांची यादी पाठवली आहे. पुढच्या आवृत्तीत यातलं काही आलं, तर मी दुसरी प्रत काकांच्या मंडळीसाठी घेणार आहे.