सेनहायझर एचडी ६०० आणि हायफायमॅन सुंदरा : काही महिने ऐकल्यावर

एचडी ६०० हा हेडफोन दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतला. सुंदरा हाही हेडफोनच, नाशिकच्या मित्राचा, उसना आणलेला आणि अजून माझ्याकडेच. जळगावात असले हेडफोन डोक्याला लावून बघता येतील असं दुकान मला तरी सापडलं नाही, त्यामुळे तुलना घरीच केली. लॅपटॉप, साधा डॅक-ॲम्प (लॅपटॉपमधला आवाज हेडफोनला पुरेल इतका वाढवून देणारा डबा), आणि ऐकायला बहुतेक शास्त्रीय गाणं, भजनं, जुनी आकाशवाणी छापाची रेकॉर्डिंगं.

पहिल्यांदा लावाल तेव्हा सुंदराच भारी वाटेल. ॲम्पचा नॉब न हलवता एचडी ६०० काढून सुंदरा लावला की आवाज एकदम मोठा होतो. एचडी ६०० चा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम, सुंदराचा ३७. तेवढ्याच व्होल्टेजवर सुंदरा कितीतरी जोरात वाजतो. आणि आवाज वाढला की कानाला खर्ज जास्त ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. म्हणजे "बास काय दमदार आहे" असं आपण म्हणतो त्यातला मोठा वाटा नॉबचा असतो. एखाद-दीड डेसिबलचा फरक "मोठा" म्हणून जाणवतसुद्धा नाही, "स्वच्छ" म्हणून जाणवतो. ही खरी गोम.

म्हणून आधी आवाज सारखा करायचा. साडीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला, मधोमध फोनच्या माइकएवढं भोक पाडलं, त्यावर हेडफोनचा एक कप सपाट बसवला आणि खाली फोन धरला. पिंक नॉइज (धबधब्यासारखा सलग आवाज) लावून फोनमधल्या आवाज मोजायच्या ॲपवर दोन्हींचा आकडा जुळवला, आणि नॉबवर दोन ठिकाणी नेलपेंटच्या खुणा केल्या. बायकोची नेलपेंट, त्याचं भांडण वेगळं. ही मोजणी प्रयोगशाळेची नाही, पण नुसत्या अंदाजापेक्षा फार बरी.

खुणांवर ठेवून ऐकायला लागलो तर निम्मे फरक गायब. जे उरले ते बारीक, पण रोज त्याच जागी सापडणारे.

ते ओळखायला कान तयार करावा लागतो आणि त्याला महागडं काही लागत नाही. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे आवाजाचे पट्टे वर-खाली करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ओळखीचं एक रेकॉर्डिंग लावायचं, कुणाला तरी एकच पट्टा सहा डेसिबलने वर करायला सांगायचं आणि कुठला ते आपण ओळखायचं. हरमन या ऑडिओ कंपनीचं 'हाउ टू लिसन' हे फुकट सॉफ्टवेअरही हाच सराव करून घेतं. माझ्या कानाची भाषा अशी ठरत गेली : २५० हर्ट्झ वाढला की गळा घुमतो, मडक्यात तोंड घालून गायल्यासारखा. १००० ला नाकातला, भोंग्याचा आवाज. ३००० ला गायक अंगावर येतो. ८००० ला 'स' आणि 'श' टोचतात. सहाचे तीन डेसिबल केले की घाम फुटतो, पण तिथेच कान सुधारतो.

त्यातला ३००० चा पट्टा नीट समजून घ्यावा. कानाची नळी स्वतःच साधारण त्या भागात आवाज वाढवते. हेडफोन थेट कानावर बसतो, त्यामुळे तो उंचवटा ऐकणाऱ्याच्या कानात किती पडेल याचा बनवणाऱ्याला अंदाजच करावा लागतो. प्रत्येकाचा कान वेगळा, त्यामुळे मला खणखणीत वाटलेला हेडफोन तुम्हाला चिरका वाटू शकतो, आणि दोघंही बरोबर असतो.

आता प्रत्यक्ष फरक. एचडी ६०० वर माणसाचा गळा आणि पेटी अगदी जागेवर. आकार लावताना तोंड किती उघडलंय तेही कळावं इतकं. सुंदरावर तोच गळा अर्धं पाऊल मागे सरकतो, पण तानपुरा उलगडतो. तार छेडल्यावर जवारीतून, म्हणजे तारेच्या झणकारातून, वरचे स्वर एकामागून एक वर येताना दिसतात म्हणा ना. मात्र जुन्या टेपची सूं-सूंही तेवढ्याच प्रेमाने ऐकू येते.

खालच्या टोकाचा निकाल मामांनी दिला. ते पारोळ्याकडचे, भजनी मंडळात तबल्याला बसतात. एचडी ६०० लावून दिला तर दोन आवर्तनांत म्हणाले, "हाऊ डग्गा उतरेल शे रे." मग त्याच रेकॉर्डिंगला सुंदरा लावला. "आते बराबर." इम्पिडन्स, प्लॅनर, ग्राफ, त्यांना कशाशी घेणं नव्हतं. एचडी ६०० चा खर्ज १०० हर्ट्झच्या खाली उतरत जातो, सुंदराचा प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ, पडदा तो बराच खालपर्यंत सपाट टिकवतो. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड, म्हणजे घसरता स्वर, साधारण त्याच भागातून सुरू होते. मी आठवडाभर ग्राफ बघून जे पटवून घेत होतो ते त्यांनी चहा निवायच्या आत सांगितलं.

हे सगळं हिवाळ्यात. एप्रिल-मे मध्ये खानदेशात उघड्या पाठीचा हेडफोन म्हणजे हौसच. दोन्हींची पाठ जाळीची, बाहेरचं सगळं आत येतं. पत्र्याचा कूलर चालू असला की तानपुरा, जवारी, मींड सगळं त्या घोंघाटात बुडालं. कूलर बंद करून ऐकायचं तर पहाटेच.

डोळे बांधून तुलना केली का, असं मित्राने विचारलं. हेडफोनच्या बाबतीत ते नीट जमतच नाही. सुंदरा पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास, एचडी ६०० अडीचशेच्या जरा वर आणि कानशिलं घट्ट धरणारा. डोक्यावर येताच कळतं कोण आहे ते. फायलींची परीक्षा मात्र घेता येते. फूबार २००० या प्लेअरमधल्या एबीएक्स चाचणीत (कुठली फाइल वाजतेय ते न कळता ऐकून ओळखायचं) ३२० केबीपीएसची एमपी३ आणि काहीही न गाळलेली फ्लॅक यांतला फरक मला सांगता येत नाही. केबल बदलण्याच्या वाटेला गेलोच नाही, तो पैसा हेडफोनच्या कानावरच्या गाद्यांना ठेवावा. गाद्या दबल्या की कान पडद्याजवळ येतो आणि आवाज बदलतो. "बर्न-इन झाला", म्हणजे वाजवून वाजवून हेडफोन सुधारला, असं म्हणतात त्यात मला तरी गाद्या दबणं आणि कानाला सवय होणं हेच जास्त दिसतं.

फक्त फोनवर ऐकणार असाल तर एचडी ६०० घेऊ नका; हळू आवाजातल्या आलापीच्या रेकॉर्डिंगला आवाज पुरत नाही, ॲम्प धरूनच हिशेब करा. गळा ऐकायचा असेल तर तोच. तबला, पखवाज, ढोल जास्त असतील तर सुंदरा. मी एचडी ६०० ठेवतोय आणि इक्वलायझरमध्ये १०० च्या खाली चार डेसिबल वाढवून ऐकतोय. सुंदराइतकं घट्ट होत नाही, पण डग्गा उतरलेला वाटत नाही. सुंदरा पुढच्या नाशिक फेरीत परत जाईल. मित्र हे वाचत असेल तर, हो, नक्की.