मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल (चेनच्या कव्हरचं), आजारी माणसासाठी घेत असाल तर वाचा

मिरजेतल्या एका छोट्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून मावशीसाठी घेतलं, तिचं किमो चालू आहे आणि जुन्या बायबलची बारीक अक्षरं तिला आता दिसत नाहीत. 4 स्टार देतेय. अक्षरं मोठी, काळीभोर, ओळीत जागा पण भरपूर. कागद पातळ आहे, ट्यूबलाइटखाली मागच्या पानाची छपाई दिसते, पण त्याचं एवढं काही नाही. स्टार कापला तो वजनासाठी, झोपून हातात धरवत नाही, उशी घ्यावी लागते.

सगळ्यात कामाचे म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाशी दिलेले संदर्भ, ही ओळ बायबलमधे आणखी कुठे येते ते सांगणारे. मार्क 15 मधे (म्हणजे मार्कच्या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात) येशू वधस्तंभावर ओरडतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", तिथून स्तोत्र 22 कडे (येशूच्या आधीपासूनच्या प्रार्थनागीतांपैकी एक) गेलात की तीच ओळ पहिलीच सापडते, म्हणजे हा आक्रोश आधीपासून प्रार्थनेतच होता. मावशीला वाटायचं देवाला जाब विचारला म्हणजे विश्वास कमी पडला. अहो स्वतः येशूने विचारलाय! त्या दिवशी ती मोकळेपणाने रडली आणि मला ते बरं वाटलं.

भेटायला आलेल्या एक बाई तिला म्हणाल्या, काहीतरी पाप कबूल करायचं राहिलं असेल बघा. असा राग आला मला. योहान 9 वाचा, जन्मांध माणूस बघून शिष्य हेच विचारतात की पाप कोणाचं, येशू म्हणतो याचं नाही आणि आईबापाचंही नाही. लूक 13 मधे बुरूज कोसळून 18 माणसं मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती का, तर येशू म्हणतो नाही. ईयोब म्हणजे बायबलमधला दोष नसताना सगळं गमावून आजारी पडलेला माणूस, त्याचे मित्र 7 दिवस नुसते शेजारी बसून राहिले तोवर चांगले होते, बोलायला लागले आणि सगळं बिघडलं, ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवाचा राग भडकतो तो त्या उपदेश करणाऱ्यांवर.

आणि ते "आपला क्रूस आहे, सोसायचा", हे नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईलाही सांगतात आपल्याकडे. योहान 10 मधे येशू स्पष्ट म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन देतो. त्याग म्हणजे तो. दुसऱ्याने लादलेलं दुःख म्हणजे त्याग नाही, आणि इब्री लोकांस पत्रात तर सांगितलंय की ख्रिस्ताचं अर्पण एकदाच आणि कायमचं झालं, मग आता कोणाच्या वेदनेने देवाचं कुठलं देणं फिटायचं राहिलंय?

आपल्या मिरजेत डॉ. वानलेस कॅनडाहून 1889 ला भारतात येऊन पोचले, 1894 ला हॉस्पिटल सुरू केलं, आयुष्याची उमेदीची वर्षं इथे घातली. स्वतःहून. दुःखच पवित्र असतं तर ऑपरेशनं कशाला केली असती त्यांनी? येशू पण आजारी माणसाला सोस म्हणाला नाही, बरं करत गेला. मावशीला मी हेच सांगते, दुखतंय तर गोळी माग, त्यात अविश्वास नाही.

असो, घेताना दुकानातच चेन दोनतीनदा उघडून बघा, कोपऱ्यात अडकते. पेशंट फारच अशक्त असेल तर नवा करार आणि स्तोत्रसंहिता एवढंच असलेलं हलकं पुस्तक वेगळं मिळतं ते घ्या, फक्त त्यात ईयोब नसतो, तो तुम्ही वाचून दाखवा.