विकल्यावरही टिकलेले केंद्र : न्यूयॉर्कचे डब्ल्यूक्यूएक्सआर १०५.९

न्यूयॉर्क परिसरात कोणते रेडिओ केंद्र विकले जाणार आणि त्यावर आता काय वाजणार, याच्या वावड्या उठल्या नाहीत असे एकही वर्ष मला आठवत नाही. २०१९ मध्ये ९५.५ वरचे डब्ल्यूपीएलजे ख्रिस्ती भक्तिसंगीत प्रसारित करणाऱ्या एका संस्थेकडे गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये ८८० वरची, १९६७ पासून चालत आलेली अखंड बातम्यांची सेवा बंद झाली आणि तिथे खेळांवरच्या गप्पा सुरू झाल्या. अशी प्रत्येक बातमी आली की पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्या माझ्या ओळखीच्या मंडळींचा एकच प्रश्न असतो : आता डब्ल्यूक्यूएक्सआरची पाळी का? हे केंद्र मी विक्रीच्या आधीही ऐकत होते आणि विक्रीनंतरही ऐकते आहे, त्यामुळे त्याच्या सेवेबद्दल लिहिताना या प्रश्नाला वळसा घालणे मला शक्य नाही. माझे मत आधीच सांगून टाकते. २००९ च्या विक्रीत संगीत वाचले, पण त्याचा आवाका घटला. आणि विक्रीचे अंदाज बांधणारे बहुतेक जण मालकाच्या नावाकडे पाहत बसतात, तेव्हा श्रोत्याच्या पदरात काय पडणार हे मात्र फ्रिक्वेन्सी आणि वॉट यांवर ठरत असते.

तो व्यवहार नीट समजून घेण्यासारखा आहे. डब्ल्यूक्यूएक्सआर हे नाव १९३६ पासूनचे. १९४४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे केंद्र विकत घेतले आणि पासष्ट वर्षे सांभाळले. जुलै २००९ मध्ये टाइम्सने ते विकायला काढल्याचे जाहीर केले तेव्हा ९६.३ ही फ्रिक्वेन्सी तिच्यावर वाजणाऱ्या संगीतापेक्षा किती तरी महाग होऊन बसली होती. युनिव्हिजन या स्पॅनिश भाषेतल्या कंपनीने टाइम्सला ३ कोटी ३५ लाख डॉलर दिले आणि त्याशिवाय आपली १०५.९ ही फ्रिक्वेन्सीही दिली; बदल्यात तिला ९६.३ मिळाली. मग डब्ल्यूएनवायसी या सार्वजनिक केंद्राने १ कोटी १५ लाख डॉलर मोजून १०५.९ ही जागा आणि डब्ल्यूक्यूएक्सआर हे नाव घेतले. ८ ऑक्टोबर २००९ रोजी रात्री आठ वाजता अदलाबदल झाली. म्हणजे विकली गेली ती जागा. घरातले सामान तेवढे दुसऱ्या, लहान खोलीत हलवले गेले. हे रूपक मी सहज वापरत नाही, कारण आकडेच तसे आहेत.

९६.३ चे प्रक्षेपण ६,००० वॉटचे होते आणि १०५.९ चे ६१० वॉटचे. दोन्हींचे अँटेना एम्पायर स्टेट इमारतीवरच, उंचीही जवळपास सारखीच, त्यामुळे फरक सगळा शक्तीचा. शक्ती दहापट घटली म्हणजे ऐकू येण्याचे अंतर दहापट घटले असे नव्हे. त्याच ठिकाणी पोहोचणाऱ्या लहरींची तीव्रता साधारण एक तृतीयांश होते. उघड्यावर, इमारत डोळ्यांना दिसत असेल अशा ठिकाणी, एक तृतीयांशही पुष्कळ झाली. पण जाड भिंतींच्या घरात, टेकडीच्या पलीकडल्या उतारावर किंवा शहरापासून तास-सव्वा तासाच्या अंतरावरच्या उपनगरात तोच एक तृतीयांश पुरतोच असे नाही. अभिजात संगीताला ही तूट इतर कोणत्याही कार्यक्रमापेक्षा जास्त बाधते. बोलण्यात थोडी खरखर आली तरी शब्द कळतो. व्हायोलिनचा एकच स्वर हळूहळू विरत जातो तेव्हा त्याच्या शेपटाला खरखरीने गिळले, तर ऐकण्यासारखे काही उरत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका तेव्हा पंच्याहत्तरीचे होते. त्यांच्याकडे तबकडीचा जुना टेबल रेडिओ होता आणि ९६.३ च्या जागी काकूंनी कधी तरी लावलेला नखरंगाचा लाल ठिपका होता, कारण काकांना चष्म्याशिवाय आकडे दिसत नसत. अदलाबदलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाली बोलावले. काटा तबकडीच्या डाव्या भागातून उचलून पार उजव्या टोकाला न्यायचा होता. मी तो नेला, तर आधी नुसतीच सळसळ. रेडिओ कपाटावरून काढून दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवला, मागची तार सोडवून पडद्याच्या दांड्याला गुंडाळली, तेव्हा कुठे पियानो स्वच्छ ऐकू आला. काका म्हणाले, "इथेच ठिपका दे, आणि रेडिओ आता कुणी हलवायचा नाही." त्यानंतर ते वाचायलाही त्या खिडकीतच बसू लागले. विक्रीच्या बातम्यांमध्ये असल्या गोष्टींना जागा नसते, पण मला विचाराल तर व्यवहाराची खरी किंमत तिथे मोजली गेली.

आता सेवेबद्दल. केंद्र व्यापारी होते तेव्हा एखाद्या सिंफनीचा दुसरा भाग संपून तिसरा सुरू होण्याआधी जाहिरात येणार की काय, अशी धाकधूक मनात असे. सार्वजनिक झाल्यावर जाहिराती गेल्या. त्यांच्या जागी प्रायोजकांचे त्रोटक उल्लेख आले आणि वर्षातून काही वेळा देणगीसाठी होणारी आवाहने आली. आवाहनांचे ते दिवस लांबतात हे खरे, पण वर्षभराचे हिशेब मांडले तर हा सौदा मला फायद्याचा वाटतो. निवेदकांचे काम हा या केंद्राचा सर्वांत मोठा गुण आहे. रचनाकाराचे नाव, वाद्यवृंद, संचालक, कधी तरी ती रचना कोणत्या प्रसंगी लिहिली गेली एवढेच सांगून ते बाजूला होतात. आपले ज्ञान श्रोत्याच्या अंगावर टाकत नाहीत. शनिवारी दुपारी मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रक्षेपण असते. ती परंपरा १९३१ पासूनची, आणि इटालियनचा एक शब्दही न कळणाऱ्या माझ्यासारखीला ऑपेराची गोडी लागली ती मध्यंतरातल्या गप्पांमुळे. वर्षअखेरीला श्रोत्यांच्या मतांवरून आवडत्या रचनांची उलटी मोजणी होते आणि तिच्या शेवटी बेथोव्हेनची नववी सिंफनी वाजते. शेवट ठाऊक असूनही आमच्या घरी ती मोजणी चालू असते. मला हवी असलेली गोष्ट एवढीच, की कामाच्या वेळेत दीर्घ रचना संपूर्ण ऐकायला अधिक मिळाव्यात. २०१४ मध्ये केंद्राने वापरात नसलेली वाद्ये लोकांकडून गोळा करून ती दुरुस्त करून शहरातल्या शाळांना दिली. हे रेडिओचे काम नव्हे असे कुणी म्हणेल, मला ते रेडिओचेच काम वाटते.

पण हे सगळे टिकेल का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना याच शहरातल्या एका गेलेल्या केंद्राची हकिकत माहीत असायला हवी. १०४.३ वर डब्ल्यूएनसीएन नावाचे अभिजात संगीताचेच केंद्र होते. १९७४ मध्ये मालकांनी ते बदलून तिथे रॉक संगीत आणले. श्रोते गप्प बसले नाहीत. त्यांनी संघटना बांधली, दाद मागितली, आणि १९७५ मध्ये अभिजात संगीत परत आले. यातून श्रोत्यांचा समज झाला की पुरेसा आवाज उठवला तर केंद्राचे स्वरूप वाचवता येते. पुढे प्रश्न असा उभा राहिला की परवाने देणाऱ्या संघीय दळणवळण आयोगाने केंद्रावर कोणत्या प्रकारचे कार्यक्रम आहेत याचा विचार करावा की नाही. आयोगाचे म्हणणे होते की ते बाजारावर सोडावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८१ मध्ये न्यायालयाने आयोगाच्या बाजूने कौल दिला. त्या खटल्याच्या नावात डब्ल्यूएनसीएनच्या श्रोत्यांच्या संघटनेचे नाव आजही आहे. केंद्र मात्र नाही. डिसेंबर १९९३ मध्ये १०४.३ वर पुन्हा रॉक आले आणि ते परत गेले नाही. व्यापारी केंद्रांपैकी अभिजात संगीत वाजवणारे त्यानंतर या शहरात डब्ल्यूक्यूएक्सआर एकटेच उरले.

म्हणून विक्रीला विरोध करणारी पत्रे लिहिताना "आमचे संगीत जाईल" एवढाच मुद्दा मांडला जातो तेव्हा मला वाईट वाटते, कारण तो मुद्दा कितीही खरा असला तरी आयोगाच्या दारात तो चालत नाही. परवाना एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जायचा तर आयोगाची संमती लागते, तसा अर्ज सार्वजनिक असतो, आणि त्याची सूचना निघाल्यापासून ३० दिवसांत हरकत घेता येते. हरकत कशावर घ्यायची, याला मात्र महत्त्व आहे. आणखी एक व्यवहार्य गोष्ट : वावडी खरी की खोटी हे ठरवायला निवेदक बदलला, जिंगल बदलली, दोन दिवस एकच गाणे वाजत राहिले असल्या खुणांवर विसंबण्यापेक्षा असा अर्ज दाखल झाला आहे का हे पाहावे. केंद्राचे स्वरूप बदलायला कुणाचीही परवानगी लागत नाही, त्यामुळे ते एका रात्रीत बदलू शकते. मालकी तशी बदलू शकत नाही.

मालक चांगला आहे, म्हणून काळजी नाही, हा दुसरा युक्तिवाद मी नेहमी ऐकते. टाइम्सइतका प्रतिष्ठित मालक कोणता असणार? त्याच टाइम्सकडे मध्यम लहरींवर १५६० हे केंद्रही होते. १९९२ मध्ये तिथे जुनी लोकप्रिय अमेरिकन गाणी सुरू झाली, त्यांना निष्ठावान श्रोते मिळाले, आणि डिसेंबर १९९८ मध्ये टाइम्सने ते केंद्र डिस्नीला मुलांच्या कार्यक्रमांसाठी भाड्याने दिले. उत्पन्नाचे गणित बदलले की मालकाचे प्रेम आटते असे मला म्हणायचे नाही. प्रेम असूनही त्याला जागा विकावी लागते. डब्ल्यूएनवायसी स्वतःही विक्रीतूनच आजच्या रूपाला आले आहे. ते पूर्वी न्यूयॉर्क महापालिकेचे होते; १९९५ मध्ये शहराने त्याचे दोन्ही रेडिओ परवाने २ कोटी डॉलरना त्याच्याच प्रतिष्ठानाला द्यायचे ठरवले आणि १९९७ मध्ये हस्तांतर पूर्ण झाले.

डब्ल्यूक्यूएक्सआरविषयीच्या वावड्या थांबत नाहीत याचे एक खरे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग ना-नफा केंद्रांसाठी राखीव आहे. १०५.९ त्या भागात येत नाही. आज तिथे सार्वजनिक केंद्र चालते ते मालकाच्या इच्छेने. उद्या ही जागा कुणा व्यापारी कंपनीला विकायची म्हटले तर तिच्यावर राखीवपणाचे कुंपण नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर काढून घेतल्यानंतर देशभरातल्या केंद्रांच्या हिशेबांवर ताण आला, आणि अशा वेळी ताळेबंदातल्या सर्वांत मोलाच्या वस्तूकडे नजर जाणे स्वाभाविक आहे. न्यूयॉर्कमध्ये ही वस्तू म्हणजे फ्रिक्वेन्सी. त्याच वेळी दुसरी बाजूही मांडायला हवी. एफएमच्या जागांना २००९ मध्ये होती तेवढी मागणी आता राहिलेली नाही, ६१० वॉटची जागा घेणाऱ्याला हवी तितकी मोठी नाही, आणि अभिजात संगीताच्या श्रोत्यांएवढे निष्ठेने देणगी देणारे श्रोते सहजी मिळत नाहीत. माझा अंदाज असा, की या केंद्रावर गदा आली तर ती विक्रीच्या घोषणेने येण्याऐवजी निवेदकांचे तास कमी होण्यातून, ध्वनिमुद्रित निवेदनातून आणि थेट मैफली बंद होण्यातून येईल. वावड्यांच्या मागे लागलेल्यांनी कान तिकडे लावावेत.

ज्यांना हे केंद्र नव्याने ऐकायचे आहे त्यांना मी मनापासून शिफारस करते; पाचपैकी साडेचार तारे द्यायला मला संकोच वाटत नाही, आणि राहिलेला अर्धा तारा त्या हरवलेल्या वॉटांचा आहे. मॅनहॅटनमध्ये किंवा नदीपलीकडच्या न्यू जर्सीच्या काठावर राहत असाल तर साधा रेडिओ पुरतो. उत्तरेला वेस्टचेस्टरमध्ये असाल तर ९०.३ लावा; २०१३ पासून ऑसिनिंगहून तेच कार्यक्रम तिथे येतात. त्याहून दूर असाल तर फोनवर किंवा संगणकावर ऐका, तिथे वॉटचा प्रश्नच येत नाही. आणि घरात कुणी वडीलधारे जुन्या रेडिओवर ऐकत असतील, तर एकदा स्वतः जाऊन रेडिओ एम्पायर स्टेटच्या दिशेच्या खिडकीत ठेवून द्या, तार पूर्ण सोडा, काटा १०५.९ वर आणा आणि तिथे ठिपका लावा. नखरंगाचा ठिपका वर्षानुवर्षे जात नाही; काकांच्या रेडिओवरचे दोन्ही ठिपके अजून तसेच आहेत.