कार्ड मशीन की रोख? बरेच महिने दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

दुकानात कार्ड मशीन लावून आता बरेच महिने झाले आणि ओळखीतले धंदेवाले सारखे विचारतात की घेऊ का, परवडतं का, किती कापतात, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं. माझं काम सायकल दुरुस्ती आणि पार्ट विक्रीचं. एकीकडे पंक्चर, हवा, ब्रेकची केबल अशी बारीकसारीक कामं, दुसरीकडे पूर्ण ओव्हरहॉल, नवीन चाकं, कधी अख्खी सायकल. हे आधी सांगतोय कारण कार्ड परवडतं की नाही हे तुमचं बिल केवढ्याचं असतं आणि त्यात तुम्हाला सुटतं किती यावरच ठरतं, मशीन कुठल्या कंपनीचं याने तेवढा फरक पडत नाही.

कमिशनचंच आधी बघू, भीती त्याचीच असते. समजा २ टक्के कापतात. ऐकायला काहीच वाटत नाही, पण ते विक्रीवर कापतात, नफ्यावर नाही. ज्या मालात मला २० टक्के सुटतात तिथे हे २ टक्के म्हणजे नफ्याचा दहावा भाग गेला, आणि ज्यात फक्त ८ टक्के सुटतात तिथे सरळ चौथा हिस्सा. मजुरीच्या कामात टोचत नाही, कारण तिथे मालाचा खर्च जवळपास नसतोच. शिवाय बऱ्याच प्लॅनमध्ये टक्क्यांच्या वर दर व्यवहाराला एक ठरलेली रक्कम असते, ती पंक्चरलाही तेवढीच आणि नव्या सायकललाही तेवढीच, छोट्या बिलाची वाट लावते ती हीच. प्लॅन दाखवायला माणूस येतो तेव्हा टक्के मोठ्या अक्षरात असतात आणि ही रक्कम कुठेतरी खाली, तेवढं मात्र शोधून वाचाच.

हे पैसे जातात कुठे हे कळल्यावर मला भाव करायला जमायला लागलं. कापलेल्या रकमेचे तीन वाटेकरी असतात. मोठा वाटा साधारणपणे ग्राहकाला ज्या बँकेने कार्ड दिलं तिचा, त्याला इंटरचेंज म्हणतात, थोडा व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्कचा, आणि उरलेला आपल्याला मशीन देणाऱ्याचा. पहिले दोन आपल्या हातात नाहीत, घासाघीस होते ती तिसऱ्यावरच. डेबिट कार्डला सहसा कमी पडतं, क्रेडिटला जास्त, आणि पॉइंट-बिइंट देणारी भारी कार्डं आणि परदेशातली कार्डं सगळ्यात महाग. ग्राहकाला जे पॉइंट मिळतात त्यांचा बराचसा खर्च या इंटरचेंजमधून निघतो, म्हणजे तो आपण भरतो, आणि आपण तो भावात धरला की रोख देणारा गरीब माणूसही भरतो. मला ही गोष्ट मनापासून खटकते. युरोपियन युनियनने २०१५ मध्ये इंटरचेंजला मर्यादा घातली, ग्राहकांच्या डेबिट कार्डला ०.२ टक्के आणि क्रेडिटला ०.३ टक्के, म्हणजे हे दर काही आभाळातून पडलेले नाहीत, सरकारने मनावर घेतलं तर खाली येतात.

आता रोखीकडे या. रोख फुकट आहे असं सगळे म्हणतात कारण तिची पावती कोणी देत नाही. पण रात्री गल्ला मोजायचा, नोटा लावायच्या, सुट्ट्यासाठी चार ठिकाणी हात पसरायचे, बँकेत जाऊन रांगेत उभं राहायचं आणि तेवढा वेळ दुकान बंद किंवा दुसऱ्याच्या भरवशावर. फाटकी नोट आली, खोटी आली, सुट्टे देताना पोराकडून जास्त गेले, तर ते सगळं आपल्याच खिशातून. मोठी रक्कम घेऊन रात्री घरी जायची धाकधूक वेगळीच. मशीन आल्यापासून माझ्या बँकेच्या चकरा खूपच कमी झाल्यात आणि त्या वेळात मी एखादं चाक सरळ करून देतो, त्याचे पैसे सुटतात. हे धरलं तर मोठ्या बिलावरचं कमिशन मला अजिबात जड वाटत नाही. पंक्चरच्या बिलावर अजूनही वाटतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं असेल तर हिशोबाने. मशीनवर अप्रूव्हड आलं, स्लिप निघाली, म्हणजे पैसे आले असं वाटतं, पण त्याचा अर्थ एवढाच की ग्राहकाच्या बँकेने हो म्हटलंय. खरे पैसे दिवसाची बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा गठ्ठा, बंद झाल्यावर सेटलमेंटला, म्हणजे बँकांमधल्या देण्याघेण्याला, लागतात आणि कामकाजाच्या एक-दोन दिवसांनी खात्यात येतात. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवारची विक्री सोमवारी नाहीतर मंगळवारी येते, कधी एकत्र, आणि माझ्या प्लॅनमध्ये कमिशन आधीच कापून येते, त्यामुळे मशीनचा आकडा आणि पासबुकातला आकडा कधीच जुळत नाही. मधेच कोणाला रिफंड दिला असेल तर तोही त्यातूनच वजा. मी आता वहीत रोज चार रकाने करतो, बॅच नंबर, एकूण विक्री, कापलेलं, जमा. रात्री पाच मिनिटं लागतात पण कुठली बॅच अडकली ते लगेच दिसतं. ज्यांचा माल रोज रोखीने येतो त्यांनी हे दोन दिवस आधीच गृहीत धरा, नाहीतर विक्री जोरात आणि व्यापाऱ्याला द्यायला हातात काही नाही अशी अवस्था होते. रिफंडचंही एक आहे, बऱ्याच ठिकाणी माल परत आला तरी कापलेलं कमिशन परत मिळत नाही.

चार्जबॅकबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून जरा विस्ताराने लिहितो. ग्राहक आपल्या बँकेला म्हणू शकतो की हा व्यवहार मी केला नाही किंवा काम नीट झालं नाही, आणि बँक पैसे मागे ओढते. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच प्रकारच्या तक्रारींना साधारण १२० दिवसांची मुदत असते, म्हणजे चार महिन्यांपूर्वीचा पैसाही जाऊ शकतो. माझ्याकडे एका ओव्हरहॉलवर असंच झालं. ग्राहक अगदी सज्जन, पण त्याच्या स्टेटमेंटवर दुकानाच्या पाटीवरचं नाव येतच नव्हतं, मशीन देणाऱ्यांनी नोंदणीचं भलतंच नाव टाकलं होतं, त्याला वाटलं कार्ड कोणीतरी चोरून वापरलं. जॉबकार्डवर, म्हणजे कामाची नोंद करतो त्या कागदावर, त्याची सही होती, कोणते पार्ट बदलले ते लिहिलेलं होतं, ते पाठवलं आणि पैसे परत मिळाले, पण मधे बरेच दिवस ती रक्कम अडकून राहिली. तेव्हा मशीन लागल्या लागल्या स्वतःच्या कार्डावर एक छोटा व्यवहार करून स्टेटमेंटवर काय नाव येतं ते बघा आणि चुकीचं असेल तर लगेच बदलून घ्या. आणि चिप असलेलं कार्ड पट्टीने ओढू नका, चिप घाला नाहीतर टॅप करा. बहुतेक देशांत चिप टाळून पट्टी ओढली आणि कार्ड बनावट निघालं तर नुकसान दुकानाच्या बाजूला येतं. फोनवरून कार्ड नंबर सांगतो, टाईप करा म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो, त्यातही फसवणूक झाली तर सहसा आपणच भरतो.

ग्राहकांच्या बाजूने म्हणाल तर लोक कार्डवर मोकळ्या हाताने खर्च करतात हे खरंय. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एमआयटीच्या एका प्रयोगात खेळाच्या तिकिटांवर क्रेडिट कार्डने पैसे भरणाऱ्यांनी रोखवाल्यांपेक्षा बरीच जास्त बोली लावली होती. माझ्याकडेही ब्रेक दुरुस्तीला आलेला माणूस कार्ड असलं की चेन पण बदलून टाका म्हणतो. पण चेन अजून चालणारी असेल तर मी तसं सांगतो, त्याला ते पैसे महिनाअखेरीस भरायचेच असतात. बिल मोठं असलं की एवढी रोकड जवळ नाही म्हणून परत जाणारे लोक आता जात नाहीत, मशीनचा खरा फायदा मला तिथे दिसला.

तरीही रोख बंद करणार नाही, आणि फक्त कार्ड अशी पाटी लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. १ जून २०१८ ला व्हिसाच्या डेटा सेंटरमधला एक स्विच अर्धवट बिघडला आणि युरोपभर लाखो व्यवहार अडकले, दुकानं उघडी आणि लोकांच्या हातात चालू कार्डं असूनसुद्धा. आपल्याकडचं नेटवर्क तर त्याहून साध्या कारणाने जातं. आणि शाळकरी पोरं असतात, म्हातारी माणसं असतात, रोजंदारीवरचे असतात, त्यांची सायकल पंक्चर झाली तर तू कार्ड आण मग बघू असं मी म्हणू शकत नाही. उलट बाजूने, लहान बिलाला कोणी कार्ड काढलं तर मी तोंड वाकडं करत नाही, जवळ सुट्टे आहेत का एवढंच विचारतो, नसतील तर टॅप करू देतो. वरून कमिशन मागणं मला आवडत नाही, आणि तसाही हा नियम देशागणिक वेगळा आहे, ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये दुकानदारांना ती मोकळीक मिळाली होती, तर युरोपियन युनियनमध्ये २०१८ पासून नेहमीच्या ग्राहक कार्डांवर बंदीच आहे, त्यामुळे आपल्याकडचा नियम बघितल्याशिवाय पाटी लावू नका.

मशीनबद्दल थोडक्यात. बॅटरी ठीक, दिवसभर टिकते, स्लिपचा रोल लवकर संपतो म्हणून दोन जास्तीचे ठेवायचे, आणि स्लिपवरची छपाई उन्हात किंवा तेलकट हाताने उडते, तेव्हा महत्त्वाच्या स्लिपचा फोटो काढून ठेवा. करार किती वर्षांचा, मधेच सोडला तर दंड किती, विक्री कमी झाली तरी भाडं चालू राहतं का, हे तीन प्रश्न सही करायच्या आधी लेखी विचारा. माझा करार आता संपत आलाय, या वेळी मी सगळ्या कार्डांना एकच दर न घेता इंटरचेंज वेगळा आणि त्यांचा वाटा वेगळा दाखवणारा प्लॅन मागितलाय, कारण माझ्याकडे डेबिटवालेच जास्त येतात आणि एकच दर असला की त्यांच्यावरही क्रेडिटइतकंच जातं. कोणी असा प्लॅन वापरत असेल तर महिन्याचं स्टेटमेंट वाचायला किती किचकट असतं ते सांगा.