पगार तोच, कर वेगळा: एडिनबरो की मँचेस्टर?

महाराष्ट्रात पगारातून राज्य सरकार स्वतःसाठी कापतं तो प्रोफेशनल टॅक्स: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. आयकर दिल्लीचा, पुण्यात आणि पाटण्यात सारखाच. ब्रिटनमधल्या दोन ऑफर, एक स्कॉटलंडमधल्या एडिनबरोची आणि एक इंग्लंडमधल्या मँचेस्टरची, हातात असतील तर हा हिशेब बाजूला ठेवा. २०१६ च्या कायद्याने पगारावरच्या आयकराचे दर आणि टप्पे ठरवायचा अधिकार स्कॉटलंडच्या संसदेला मिळाला आणि तिने तो भरपूर वापरला. (वेल्सलाही काही अधिकार आहे, पण तिथले दर आजवर इंग्लंडइतकेच राहिलेत.)

आकडे २०२५-२६ चे. पहिले १२,५७० पौंड दोन्हीकडे करमुक्त, कारण ती मर्यादा लंडनच ठरवतं. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेसाठी पगारातून होणारी कपात, हीही सारखीच. पुढे इंग्लंडमध्ये ५०,२७० पर्यंत सरळ २० टक्के, मग ४०. स्कॉटलंडमध्ये १९, २०, २१ अशा पायऱ्या आणि ४३,६६२ ओलांडले की एकदम ४२. म्हणजे ६०,००० पगारावर मँचेस्टरमध्ये आयकर ११,४३२ पौंड, एडिनबरोत सुमारे १३,२१४. वर्षाला जवळजवळ १,८०० चा फरक. ४५,००० वर तो सव्वाचारशेच्या आसपास. साधारण ३०,३०० च्या खाली उलट स्कॉटलंडच स्वस्त, पण वाचतात जास्तीत जास्त २८ पौंड. स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादाच आता ४१,७०० आहे, तेव्हा ही सवलत आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

खरी मेख ४३,६६३ ते ५०,२७० या पट्ट्यात आहे. इथे ४२ टक्के कर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे वाढीव पौंडातला निम्मा गेला. पगारवाढ या पट्ट्यात पडत असेल तर ती पेन्शनकडे वळवता येते का, हे एचआरला आधीच विचारा.

मग बदल्यात मिळतं काय? औषधांचं प्रिस्क्रिप्शन स्कॉटलंडमध्ये फुकट, इंग्लंडमध्ये दर औषधामागे ९.९० पौंड. तरुण, धडधाकट माणसाला याचं काय! विद्यापीठाची फी माफ, हे ऐकून हुरळू नका. नुसतं राहून भागत नाही, सहसा कायमचा वास्तव्य परवानाही लागतो.

घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर मात्र पारडं फिरतं. स्कॉटलंडमध्ये त्या वयाच्या प्रत्येक मुलाला वर्षाला १,१४० तास नर्सरी मोफत, आईबापाचा व्हिसा कुठलाही असो. इंग्लंडमध्ये आठवड्याला तीस तासांची योजना आहे, पण दोघांच्याही व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदतीवर हक्क नाही) असा शेरा असेल तर ती मिळत नाही. उरतात सगळ्याच मुलांना मिळणारे वर्षाचे ५७० तास. फरकाच्या ५७० तासांना ताशी पाचच पौंड धरले तरी २,८५० होतात. ६०,००० वाल्याचा जादा कर भरून वर हजार उरले.

घर घ्यायचं असेल तर पुन्हा इंग्लंड. पहिलंच घर, किंमत ३ लाख पौंड: तिकडे स्टँप ड्यूटी शून्य, स्कॉटलंडमध्ये त्याच जागी असलेला कर ४,००० पौंड.

आपला जादा कर जसाच्या तसा तिथल्या दवाखान्यांत जातो, असंही समजू नका. कराचा अधिकार दिला तसं लंडनने अनुदानही कापलं, आणि ही कपात बाकीच्या ब्रिटनमधलं कराचं उत्पन्न वाढेल त्या प्रमाणात वाढते. स्कॉटलंडमधली कमाई मागे पडली तर जादा कराचा काही भाग ती तूट भरण्यातच जिरतो.

माझं मत: एकटे असाल किंवा दोघंच असाल आणि पगार पन्नास हजारांवर असेल, तर मँचेस्टर, नाहीतर एडिनबरोवाल्यांकडून तीनेक हजार वाढवून घ्या. कर कापून हातात साधारण फरकापुरतेच येतील. नर्सरीच्या वयाचं मूल असेल तर एडिनबरो. आणि कर ठरतो तो घर कुठे त्यावर, ऑफिस कुठे त्यावर नाही. सीमेअलीकडे, इंग्लंडमधल्या बेरिकला राहून रोज ट्रेनने एडिनबरो गाठणाऱ्याला इंग्लंडचाच दर लागतो. टॅक्स कोडच्या आधी ‘एस’ दिसला तर स्कॉटलंडचा कर कापला जातोय. पहिल्या पेस्लिपवर तेवढं बघून घ्या.