नोकरी सांभाळून आयटीत मास्टर्स: संध्याकाळचा वर्ग, ऑनलाइन, की सरळ पूर्णवेळ?

नोकरी करता करता मास्टर्स करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी विद्यापीठाचं नाव बघतात, मग फी, आणि सगळ्यात शेवटी आठवड्याचं वेळापत्रक. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. विषय झेपत असतो, मार्कही बरे पडत असतात, तरी अभ्यासक्रम मध्येच सुटतो, कारण आठवड्यात तेवढे तास कधीच मोकळे नव्हते. म्हणून इथे तीन वाटा एकमेकींशेजारी ठेवतो: नोकरी सोडून पूर्णवेळ, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी वर्गात बसून अर्धवेळ, आणि अर्धवेळ ऑनलाइन. तुलना मुख्यतः वेळेच्या अंगाने आहे, कारण निर्णय तिथेच अडतो.

आधी तासांचा हिशोब

अर्धवेळ म्हणजे अर्धा अभ्यास नव्हे. पदवी तीच, क्रेडिट तेवढेच, फक्त ते जास्त महिन्यांवर पसरलेले असतात. ब्रिटनमध्ये संशोधनापेक्षा वर्गांवर भर असलेल्या मास्टर्सला साधारण १८० क्रेडिट लागतात आणि एक क्रेडिट म्हणजे १० तासांचं काम धरतात. एकूण १,८०० तास झाले. पूर्णवेळ विद्यार्थी ते वर्षभरात उरकतो. तेच दोन वर्षांत बसवायचं, तर एकही आठवडा सुट्टी न घेता दर आठवड्याला १७ तास लागतात. तीन वर्षांत केलं तर साडेअकरा. युरोपातल्या बऱ्याच देशांत ९० ते १२० ईसीटीएस (युरोपची सामाईक क्रेडिट पद्धत) क्रेडिट असतात, प्रत्येक २५ ते ३० तासांचं. अमेरिकेत बहुधा तीन क्रेडिटचे दहा कोर्स असतात. तिथे वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास अभ्यास गृहीत असतो, म्हणजे एका कोर्सला सेमिस्टरभर आठवड्याला ९ तास.

हे झाले कागदावरचे तास. प्रोग्रामिंगचे कोर्स सरासरीने चालत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीम किंवा डिस्ट्रिब्युटेड सिस्टीमच्या असाइनमेंटमध्ये कोड लिहायला एक संध्याकाळ पुरते आणि मधूनच उगवणारा एक बग शोधण्यात पुढचे चार दिवस जातात. पूर्णवेळ विद्यार्थी रात्र जागून काढतो आणि दुपारपर्यंत झोपतो. तुम्हाला सकाळी स्टँड-अपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, हजर राहायचं असतं. म्हणून पहिल्या सेमिस्टरला एकच कोर्स घ्या, आणि ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो. दोन कोर्स घेतल्याने पदवी लवकर मिळेल हे खरं, पण आपला वेग किती हे पहिल्या सेमिस्टरच्या शेवटीच कळतं.

वर्गात बसणं आणि स्क्रीनसमोर बसणं

संध्याकाळच्या वर्गाची मोठी देणगी म्हणजे ठरलेली वेळ. मंगळवारी आणि गुरुवारी तुम्ही संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघता हे मॅनेजरला माहीत असतं, घरच्यांनाही माहीत असतं. शेजारच्या बाकावर बँकेच्या सिस्टीम सांभाळणारी व्यक्ती असते, पलीकडे हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर लिहिणारी. डेटाबेसवरच्या चर्चेत त्यांचे अनुभव येतात, ते पुस्तकात सापडत नाहीत. शिकवणाऱ्यांतही दिवसा उद्योगात काम करणारे बरेच असतात. अडलेली शंका वर्ग सुटल्यावर दारात उभ्या उभ्या सुटते.

पण तीच ठरलेली वेळ गळ्याशीही येते. ऑन-कॉलचा आठवडा (सिस्टीम बिघडली की कधीही धावायचं), रिलीजची रात्र (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडते ती), अचानक निघालेला दौरा यांपैकी कशालाही वर्ग थांबत नाही, आणि हजेरीची अट असेल तर ते थेट निकालात दिसतं. जाण्यायेण्याचा वेळही वरच्या ९ तासांत धरलेला नाही. तुमच्या कामाच्या वेळा तुमच्या हातात नसतील, तर कॉलेज कितीही जवळ असलं तरी ही वाट जड जाईल.

ऑनलाइन म्हणताना दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. एकात लेक्चर थेट असतं आणि ठरलेल्या वेळी लॉग-इन करावंच लागतं. विद्यापीठ दुसऱ्या टाइम झोनमध्ये असेल तर ती वेळ तुमच्या मध्यरात्रीची असू शकते. दुसऱ्यात लेक्चर आधीच रेकॉर्ड केलेलं असतं, हवं तेव्हा बघता येतं. माहितीपत्रकात दोन्हींना ‘लवचिक’ म्हटलेलं असतं, म्हणून प्रवेश घेण्याआधी यातलं नेमकं काय आहे ते लेखी विचारून घ्या. आणि रेकॉर्डेड असलं तरी डेडलाइन ठरलेलीच असते. लेक्चर पुढे ढकलता येतं, रविवारी रात्री द्यायची असाइनमेंट नाही.

रेकॉर्डेड पद्धतीचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे जॉर्जिया टेकचा ऑनलाइन संगणकशास्त्राचा एमएस. जानेवारी २०१४ मध्ये ऑनलाइन कोर्स देणारी युडॅसिटी आणि दूरसंचार कंपनी एटी अँड टी यांच्या साथीने तो सुरू झाला. दहा कोर्स, आणि ते पुरे करायला सहा वर्षांची मुदत. विद्यार्थीसंख्या प्रचंड असल्यामुळे शंकांना उत्तर मिळतं ते बहुतेकदा टीचिंग असिस्टंटकडून, लेखी. परीक्षा प्रॉक्टर्ड, म्हणजे देखरेखीखाली, असतात. अशा ठिकाणी प्राध्यापकाशी ओळख होईल, तो तुमच्यासाठी शिफारसपत्र लिहील, ही अपेक्षा धरू नये. विषय मात्र पक्का शिकता येतो, अट एवढीच की अडल्यावर नेमका प्रश्न लिहून विचारण्याची सवय हवी.

आणखी एक पद्धत आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ऑक्सफर्डच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या अर्धवेळ एमएससीत प्रत्येक विषय आठवडाभर सलग शिकवतात आणि नंतर घरून करायची असाइनमेंट देतात. ज्यांना दर आठवड्याला ठरलेला वेळ काढणं अशक्य, पण वर्षातून काही वेळा आठवडाभराची रजा शक्य आहे, त्यांना ही पद्धत संध्याकाळच्या वर्गापेक्षा कितीतरी बरी पडेल.

ग्रुप प्रोजेक्ट आणि ऑफिसचा कोड

आयटीच्या मास्टर्समध्ये ग्रुप प्रोजेक्ट टळत नाहीत. पूर्णवेळ विद्यार्थी लॅबमध्ये एकत्र बसतात. संध्याकाळच्या वर्गातले निदान आठवड्यातून दोनदा भेटतात. ऑनलाइन गटात चौघे चार ठिकाणचे असतात, त्यातल्या एकाचं ऑफिसात रिलीज चालू असतं आणि एकाने कोर्स मध्येच सोडलेला असतो. पहिल्याच बैठकीत कोण काय कधी करणार हे लिहून ठेवावं. काम मॉड्यूलमध्ये असं तोडावं, की एक जण गळाला तरी बाकीच्यांचं चालेल. नोकरीमुळे ज्याला हे जमतं, त्याला इथे खरोखर फायदा होतो.

दुसरा मुद्दा जास्त नाजूक आहे. अर्धवेळ विद्यार्थ्याला साहजिकच वाटतं की ऑफिसातलाच एखादा प्रश्न प्रोजेक्ट म्हणून घ्यावा, एका कामात दोन्ही साधतील. कल्पना चांगली आहे, आणि तशी मुभा देणारे अभ्यासक्रम आहेतही. पण ऑफिसचा कोड आणि डेटा कंपनीच्या मालकीचा असतो, आणि प्रबंध परीक्षक वाचतात, कधी तो ग्रंथालयातही जातो. मॅनेजरच्या तोंडी ‘हो’वर विसंबू नका. कंपनीची लेखी परवानगी घ्या, आणि प्रबंध ठराविक काळ गोपनीय ठेवता येतो का हे विद्यापीठाला विचारा. शेवटच्या सेमिस्टरला परवानगी नाकारली गेली तर सहा महिन्यांचं काम नव्याने करावं लागेल.

उलट दिशेनेही जपायला हवं. ऑफिसात दुसऱ्याचा कोड किंवा लायब्ररीतला तुकडा उचलून वापरणं रोजचं असतं. विद्यापीठात तेच कॉपी ठरतं. कोडमधलं साम्य शोधणारी मॉससारखी साधनं १९९४ पासून आहेत आणि व्हेरिएबलची नावं बदलल्याने ती फसत नाहीत. एआयची मदत कुठपर्यंत चालते याचे नियम तर कोर्सागणिक वेगळे असतात. ते पहिल्याच आठवड्यात वाचून घ्या.

पूर्णवेळ कुठे सरस ठरतं

तीन बाबतींत मला शंका वाटत नाही. पुढे पीएचडी करायची असेल तर पूर्णवेळ करा. संशोधन लॅबमध्ये रोज बसून होतं, आणि अर्धवेळच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत थीसिसचा पर्याय नसतो किंवा असला तरी मार्गदर्शक मिळणं कठीण जातं. इंटर्नशिप आणि कॅम्पसमधली भरती हवी असेल तरी पूर्णवेळच, कारण नोकरीत असताना उन्हाळाभर दुसरीकडे काम करता येत नाही. आणि शिक्षणाच्या निमित्ताने परदेशी जाऊन राहायचं असेल, तर अर्धवेळ हा सहसा त्यासाठीचा रस्ता नव्हे. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या एफ-१ व्हिसाला पूर्णवेळ अभ्यासक्रम लागतो. शिष्यवृत्त्याही बहुतेक पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेल्या असतात.

आयटी, संगणकशास्त्र आणि बाहेरून येणारे

नावांवर जाऊ नका, विषयांची यादी उघडा. आयटी नावाच्या मास्टर्समध्ये साधारणपणे डेटाबेस, नेटवर्क, सुरक्षा, सिस्टीम अॅनालिसिस आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट असतं. संगणकशास्त्रात अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर, मशीन लर्निंग अशा विषयांवर आणि गणितावर भर असतो. पाच-सात वर्षं नेटवर्क किंवा डेटाबेस सांभाळणाऱ्याला आयटीच्या पहिल्या वर्षात नवं फारसं मिळत नाही. त्याने कोर्समाफी मिळते का विचारावं, नाहीतर संगणकशास्त्राकडे वळावं. टीम सांभाळायच्या दिशेने जाणाऱ्याला मात्र आयटीच जास्त उपयोगी पडेल. दुसऱ्याच शाखेतून येणाऱ्यांसाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा एमसीआयटी हा मास्टर्स खास त्यांच्यासाठीच आहे आणि २०१९ पासून ऑनलाइनही आहे.

फी कंपनी भरणार असेल तर करारात दोन गोष्टी शोधा: पैसे आधी मिळतात की निकालानंतर, आणि पदवीनंतर किती काळ नोकरी सोडता येत नाही.

मध्येच थांबावं लागलं तर

आजारपण, बाळंतपण, नोकरी बदल यांतलं काहीतरी दोन-तीन वर्षांत येणारच. किती सेमिस्टर विश्रांती घेता येते, आणि तो काळ कमाल मुदतीत धरतात का, हे नियमावलीत बघा. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत ६० क्रेडिटवर पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि १२० वर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. अनिश्चित परिस्थितीत ही सोय मला विद्यापीठाच्या क्रमवारीपेक्षा मोलाची वाटते.

तरीही ठरत नसेल तर एक कोर्स करून बघा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर शाखेचा डेटा सायन्सचा एमएस कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आहे. त्यात जुनी गुणपत्रिका मागत नाहीत. सुरुवातीचे ठराविक कोर्स चांगल्या गुणांनी पार केले की प्रवेश मिळतो. इतर अनेक विद्यापीठं पदवीला नाव न नोंदवता सुटा कोर्स घेऊ देतात, आणि तो पुढे पदवीत धरला जातो का हे मात्र आधी विचारावं लागतं. असा कोर्स ऑफिसात काम कमी असलेल्या महिन्यांत घेऊ नका. रिलीज असलेल्या तिमाहीत घ्या, आणि दर आठवड्याला खरोखर किती तास बसलात ते लिहून ठेवा.